जळक्याची कलावती आणि दिल्लीचा रस्ता

२२ जुलै २००८, मंगळवार. हिंजवडीतल्या आमच्या हापिसाच्या कॅन्टीनमध्ये एक टीव्ही होता. एरवी त्याच्यावर फक्त क्रिकेट लागायचं. त्या दिवशी मात्र चक्क लोकसभा लागली होती. अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढलेला, मनमोहन सिंगांचं सरकार राहतं की जातं याचा निकाल त्या संध्याकाळी लागणार होता. (राहिलं. २७५ विरुद्ध २५६. मधे नोटांच्या गड्ड्या फडकवण्याचा प्रकारही झाला, तो सगळ्यांना आठवत असेलच.)

राहुल गांधी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी विदर्भातल्या कलावती नावाच्या बाईची गोष्ट सांगायला घेतली. नवरा शेतकरी, त्यानं आत्महत्या केलेली, घरात लेकरंच लेकरं, आणि गरिबीचं हे असं विजेशी, म्हणजे अणुकराराशी नातं आहे वगैरे. समोरच्या बाकांवरून गलका सुरू झाला. आमच्या टेबलावरही लोक हसले. "ही कलावती कोण आता?" म्हणून एकानं विचारलं. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात पत्ता छापून आला. कलावती बांदूरकर, गाव जळका, तालुका मारेगाव, जिल्हा यवतमाळ.

आता मारेगाव माझा तालुका. वणीहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, अधूनमधून तूर, आणि मग एक छोटंसं तालुक्याचं गाव लागतं, ते. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधला मित्र म्हणाला, "तुझ्याकडचंच ना रे हे?" मी म्हणालो, "नाही, मी वणीचा." वणीला कोळशाच्या खाणी आहेत, तिथलं असणं त्यातल्या त्यात बरं. इतकी साधी थाप, पण गेली इतकी वर्षं ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. त्या थापेमुळेच मी या विषयाच्या मागे लागलो म्हणा ना.

तर आजचा विषय असा. चळवळीतला, दुःखातून वर आलेला माणूस निवडणुकीच्या राजकारणात जायला निघतो तेव्हा नेमकं काय होतं? आमच्या जिल्ह्यात हे किमान दोनदा घडलं. एकदा अर्धवट, एकदा पूर्ण. आणि दोन्ही वेळेला उमेदवार होती शेतकऱ्याची विधवा.

आधी कलावतीबाई. त्यांचे यजमान परशुराम यांनी डिसेंबर २००५ मध्ये आत्महत्या केली. पदरात सात मुली आणि दोन मुलगे. राहुल गांधींच्या आधी पी. साईनाथ यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, पण ते वाचणारे किती? २००८ च्या भाषणानंतर मात्र जळक्याला गाड्यांची रांग लागली. सुलभ इंटरनॅशनलनं मोठी आर्थिक मदत केली. एका बाईचं भलं झालं, चांगलंच झालं. पण गावातल्या इतर घरांचं काय, हा प्रश्न तेव्हाही होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांना ती सहसा माहीत नसते. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की सरकार एक लाख रुपये देतं. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेव म्हणून. पण त्याआधी तो मृत्यू 'पात्र' की 'अपात्र' हे ठरतं. जमीन मेलेल्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर आहे का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का? वसुलीचा तगादा होता का? जमीन मक्त्यानं केलेली असेल, कर्ज गावातल्या कृषी केंद्राची उधारी असेल, तर अपात्र. म्हणजे माणूस मेला यात वाद नाही, पण तो शेतकरी म्हणून मेला का, हे कागद ठरवणार. हे कागद गोळा करत तहसीलीच्या पायऱ्या चढायच्या त्या बाईनं, जिच्या नावावर बहुतेक वेळा सातबारा नसतो आणि जिनं तोवर तहसील आतून पाहिलेली नसते.

मला वाटतं, या बायकांचं राजकीय शिक्षण तिथेच सुरू होतं. दुःखात नाही, रांगेत.

तर २००९ च्या सप्टेंबरात बातमी आली की कलावतीबाई वणी मतदारसंघातून विधानसभेला उभ्या राहणार. मारेगाव तालुका वणी मतदारसंघात येतो. पाठीशी किशोर तिवारी यांची विदर्भ जनआंदोलन समिती. शेतकरी आत्महत्यांचा रोजचा हिशोब जगापुढे मांडणारी हीच संघटना. कल्पना एकदम झकास होती. जिचं नाव घेऊन तुम्ही सरकार वाचवलंत, तीच आता तुमच्यासमोर मतं मागायला उभी आहे! इंग्रजी चॅनेलवाल्यांना तर ही बातमी सोन्यासारखी.

मी उत्साहानं घरी फोन लावला. "बाबा, कलावतीबाईले मत देसान ना?" बाबा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई चांगली हाये बाबू. पण तिच्या बुथावर बसन कोन? पोट्टे लागते, गाडी लागते, चहापानी लागते. अन् निवडून आली तं तहसीलीतलं काम घेऊन आपन तिच्याकडे जाऊ का? तिचंच काम अजून अडून हाये."

मला तेव्हा राग आला. वाटलं, हीच ती मानसिकता. मतदान १३ ऑक्टोबरला झालं, पण त्याच्या आधीच कलावतीबाईंनी माघार घेतली होती. वणीतून काँग्रेसचे वामनराव कासावार निवडून आले. चॅनेलवाल्या गाड्या निघून गेल्या. बाबांचं म्हणणं मात्र माझ्या डोक्यात राहिलं, आणि पुढे जसजसं वाचत गेलो तसतसं कळत गेलं की हा प्रश्न मारेगावचा नाही. महाराष्ट्रातल्या अख्ख्या शेतकरी चळवळीला हाच प्रश्न पडला होता.

आमच्या जिल्ह्यापुरतं बघायचं तर चळवळीतून सभागृहात जाण्याची परंपरा जुनी आहे. जांबुवंतराव धोटे हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. १९६२ मध्ये यवतमाळमधून आमदार, सभागृहात पेपरवेट भिरकावला म्हणून आमदारकी गेली, लोकांनी पुन्हा निवडून दिलं, आणि १९७१ मध्ये थेट नागपूरहून खासदार. वेगळ्या विदर्भाचा वाघ. पण धोटे आधीपासून पुढारी होते. सभा गाजवणारा आवाज, अंगापिंडानं भक्कम, मागे पोरांची फौज. म्हणजे बुथावर बसायला माणसं होतीच. त्यांची गोष्ट निराळी.

खरी गुंतागुंत दिसते ती शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला येतो, १९७९ ला संघटना उभी करतो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी कधी मतं मागायला आलो तर मला जोड्यानं मारा. कारण सरळ होतं. शेतमालाला भाव ही एकच मागणी. त्या एका मागणीखाली सगळ्या पक्षांचे, सगळ्या जातींचे शेतकरी एकत्र येतात. निवडणूक आली की तेच शेतकरी पुन्हा जातीत आणि पक्षात वाटले जातात.

पण नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं, आणि तिथे या भूमिकेत एक मोठी फट पडली. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत सगळ्या जागांवर बायकाच उभ्या करायच्या, असा विचार तिथून पुढे आला. त्या निवडणुका लांबल्या. मग १९८९ च्या सुमारास काही गावांत ग्रामपंचायतीला अख्खं पॅनेलच बायकांचं उभं राहिलं आणि निवडूनही आलं. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे एक. आणि दुसरं आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा! लक्षात घ्या, ७३ वी घटनादुरुस्ती यायला अजून तीनेक वर्षं होती. कुणी आरक्षण दिलेलं नव्हतं. मी शाळेत यवतमाळचा इतिहास म्हणून बरंच काही शिकलो, पण मेटीखेड्याचं नाव कुणी घेतलं नाही.

१९९० मध्ये संघटनेची माणसं जनता दलाच्या चिन्हावर विधानसभेत पोचली. राजुऱ्याहून वामनराव चटप, वरोऱ्याहून मोरेश्वर टेमुर्डे, शिवाय सरोज काशीकर. वरोरा म्हणजे वणीहून वर्धा नदी ओलांडली की आलंच. टेमुर्डे पुढे विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. १९९४ ला जोशींनी स्वतःचा स्वतंत्र भारत पक्ष काढला. तो पक्ष कधी फारसा रुजला नाही. शेवटी २००४ ते २०१० जोशी स्वतः राज्यसभेत होते, तेही शिवसेना-भाजपच्या मदतीनं. ज्यांनी मतं मागायला येऊ नका म्हणून शिकवलं, ते मतं न मागताच संसदेत गेले, असं कुणी खवचटपणे म्हणू शकेल.

पण त्या राज्यसभेतला एक दिवस मला महत्त्वाचा वाटतो. ९ मार्च २०१०. महिला आरक्षण विधेयकावर मतदान झालं. बाजूनं १८६, विरोधात १. तो एक म्हणजे शरद जोशी! चांदवडला बायकांचा सागर जमवणारा माणूस, आणि विरोधातलं एकमेव मत त्याचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्रावलोच. त्यांचा आक्षेप बायकांवर नव्हता, पद्धतीवर होता. मतदारसंघ चिठ्ठ्या टाकून आळीपाळीनं राखीव होणार असतील तर निवडून आलेली बाई त्या मतदारसंघाची मशागत कशाला करेल? पुढच्या वेळी तो तिच्याकडे राहीलच याची खात्री काय? मला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही. मशागतीला वेळ लागतो म्हणून पेरणीच करायची नाही, असं थोडंच असतं? पण मशागत हा शब्द त्यांनी बरोबर जागी ठेवला होता, हे कबूल करावं लागतं. बाबा फोनवर दुसरं काय सांगत होते?

मशागत केली तर काय होतं याचं उदाहरण राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. राजू शेट्टी. २००२ मध्ये जिल्हा परिषद, २००४ मध्ये शिरोळचे आमदार, २००९ मध्ये हातकणंगलेचे खासदार. एकेक पायरी. आणि खर्च लोकवर्गणीतून. 'एक नोट, एक व्होट' ही घोषणा आठवत असेल. २०१४ ला पुन्हा निवडून आले, २०१९ ला पडले. मग हे विदर्भात का झालं नाही? मला सुचणारं उत्तर ऊस आणि कापसाच्या फरकात आहे. ऊस तोडला की तो ठरावीक वेळात एखाद्या कारखान्याच्या गेटवर न्यावाच लागतो. हजारो शेतकरी, एक गेट, एक भाव, समोर एक चेअरमन. गेट अडवलं की आंदोलन झालं, आणि त्याच आंदोलनात गावोगावचे कार्यकर्ते तयार झाले. कापसाचं तसं नाही. पूर्वी एकाधिकार खरेदी योजना होती तेव्हा निदान भांडायला सरकार तरी एकटं समोर होतं. ती मोडीत निघाल्यावर प्रत्येकजण आपापली गाडी घेऊन वेगवेगळ्या व्यापाऱ्याच्या दारात. अडचण प्रत्येकाची तीच, पण भांडण प्रत्येकाचं एकेकट्याचं. आत्महत्या हा तर एकटेपणाचा कळसच. अशा ठिकाणी संघटनेला आकडे मिळतात, दुःखाची नावं मिळतात, पण बुथावर बसणारी माणसं मिळत नाहीत.

आता दुसरी गोष्ट.

जानेवारी २०१९, यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. उद्घाटनाला नयनतारा सहगल येणार होत्या, त्यांचं निमंत्रण रद्द झालं, आणि सगळीकडून नाचक्की झाल्यावर उद्घाटनाचा मान मिळाला वैशाली येडे यांना. कळंब तालुक्यातलं राजूर हे त्यांचं गाव. नवऱ्याची आत्महत्या, दोन लहान लेकरं, अंगणवाडीत काम, जोडीला शिवणकाम. पण त्या नुसत्या 'पीडित' नव्हत्या. शेतकरी विधवांनीच भूमिका केलेल्या 'तेरवं' या नाटकात त्या काम करत होत्या. रंगमंचावर उभं राहून लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायची सवय त्यांना झाली होती.

११ जानेवारीला त्या बोलल्या. अडचणीत दिल्लीची नाही तर गल्लीतलीच बाई कामी येते, अशा अर्थाचं एक वाक्य त्यांनी टाकलं आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पुण्यात बसून ते भाषण मोबाईलवर पाहिलं आणि ओळखीतल्या प्रत्येकाला पाठवलं. "आमच्या यवतमाळची," असं लिहून. (बघा, अकरा वर्षांत माझी एवढी तरी प्रगती झाली होती.)

त्यानंतर बच्चू कडूंच्या प्रहारनं त्यांना यवतमाळ-वाशिममधून लोकसभेची उमेदवारी दिली. मतदान ११ एप्रिलला. म्हणजे संमेलनाच्या मांडवापासून मतदानयंत्रापर्यंत बरोबर तीन महिने. राजू शेट्टींना जे चढायला सात वर्षं लागली ते तीन महिन्यांत. लोकसभेच्या उमेदवाराला तेव्हा सत्तर लाखांपर्यंत खर्च करायची परवानगी होती. दोन जिल्ह्यांत पसरलेला मतदारसंघ, उन्हाळा, आणि समोर एकीकडे विद्यमान खासदार भावना गवळी, दुसरीकडे प्रदेश काँग्रेसचे माजी अध्यक्ष माणिकराव ठाकरे. निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. गवळी निवडून आल्या. वैशालीताईंना सुमारे वीस हजार मतं पडली. अनामत वाचवायला एकूण मतांच्या एक षष्ठांश मतं लागतात. ती इथे जवळजवळ दोन लाख झाली असती.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) आमच्या घरच्यांना त्यांना मत देताच आलं नाही. मारेगाव यवतमाळ जिल्ह्यात असलं तरी लोकसभेला चंद्रपूरमध्ये जातं.

त्या वेळी पेपरात वाचून मी दोन-तीन दिवस मनात घोळवत होतो की वैशालीताईंच्या प्रचाराला काहीतरी पैसे पाठवावेत. खातं कुठलं, पोचतील का, आपण राजकारणात कशाला पडा... मग एक रिलीज आली, आणि राहूनच गेलं. भाषण मी पन्नास जणांना पाठवलं होतं, पैसे शून्य. सुट्टी काढून एक दिवस बुथावर बसावं हे तर मनातही आलं नाही. २००९ मध्ये मला बाबांचा राग आला होता, पण त्यांनी निदान प्रश्न तरी बरोबर विचारला होता. मी उत्तराच्या आसपासही नव्हतो.

म्हणून ही वीस हजार मतं मला हल्ली वेगळी दिसतात. त्या हरल्या म्हणून लोकांनी बरंच लिहिलं. पण हिशोब उलटा करून बघा. कलावतीबाई मतदानापर्यंत पोचल्या नव्हत्या. दहा वर्षांनी त्याच जिल्ह्यातली एक विधवा पूर्ण निवडणूक लढली, प्रचार केला, आणि वीस हजार लोकांनी प्रत्यक्ष बटण दाबलं. टाळी वाजवणं आणि बटण दाबणं यात फरक आहे. आधी मेटीखेडा, मग वणी, मग यवतमाळ-वाशिम असं ओळीनं लावलं तर एक गोष्ट दिसते. बायका जिंकल्या त्या ग्रामपंचायतीत, जिथे मतदार त्यांना चेहऱ्यानं ओळखत होते आणि मागे संघटना वर्षानुवर्षं काम करत होती. लोकसभेत त्यांना थेट उतरवलं गेलं, तेव्हा मागे फक्त सहानुभूती होती. सहानुभूतीनं नाव सभागृहापर्यंत जातं. माणूस जायला दुसरं काहीतरी लागतं.

तिसरा रस्ताही आहे म्हणा. किशोर तिवारींना २०१५ मध्ये भाजप सरकारनं वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशनचं अध्यक्षपद दिलं. निवडणूक न लढता आंदोलक सरकारच्या खुर्चीत. त्यातून कामं झाली असतील, नसतीलही, त्यावर वाद घालता येईल. पण खुर्ची देणारा ती काढूनही घेऊ शकतो. मतदारानं दिलेली खुर्ची निदान पाच वर्षं तरी टिकते.

आणि नावाचं म्हणाल तर ते अजूनही सभागृहात जातंच आहे. ऑगस्ट २०२३, अविश्वास ठरावावरची चर्चा. या वेळी बोलत होते अमित शहा. त्यांनीही कलावतीचं नाव घेतलं. राहुल गांधींनी नुसतं नाव घेतलं, घर-वीज-गॅस मोदी सरकारनं दिलं, असा त्यांचा मुद्दा. दुसऱ्या दिवशी जळक्यातून कलावतीबाईंनी पत्रकारांना सांगितलं की हे खरं नाही, मला मदत मिळाली ती राहुल गांधींमुळे. पंधरा वर्षांत दोन पक्षांचे दोन मोठे नेते, एकच बाई, एकच सभागृह. तिच्याबद्दल तिथे दोनदा बोललं गेलं. तिचं उत्तर मात्र जळक्याच्या अंगणातून द्यावं लागलं, कारण आत बोलायची सोय तिला नव्हती. प्रतिनिधित्व म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मला इथे जास्त कळलं.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. अंगणात कापूस पडला होता, बाबा खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना २००९ च्या फोनची आठवण करून दिली. त्यांना तो आठवतही नव्हता. मी म्हटलं, समजा आता पुन्हा अशी कोणी बाई उभी राहिली, तर? बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "उभी राहू दे ना. तू येशीन का बुथावर बसाले?"

मी होय म्हणालो आहे. कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलेलं नाही अजून, पण होय म्हणालो आहे. आणि हो, हल्ली कुणी गाव विचारलं तर मारेगावच सांगतो.

असो.